पोट दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका : दाहशामक वेदनाशामकांचे दुष्परिणाम आणि मदत घेण्याची वेळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेले. गेले चार महिने त्या डायक्लोफेनॅक या दाहशामक वेदनाशामकाची ५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घेत आहेत. त्याखेरीज रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी, आणि हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू आहे. पंधरा दिवसांपासून पावलांवर सूज दिसते, आटोक्यात असलेला रक्तदाब १६० च्या वर जाऊ लागला आहे आणि थकवा फार आहे. पोटात मात्र अजिबात दुखत नाही, जळजळ नाही, मधूनमधून त्या ॲसिडिटीची गोळीही घेतात. मग हा त्रास दुखण्याच्या गोळीचा असेल का, आणि असलाच तर डॉक्टरांकडे कधी धावावे, असे आपण विचारले आहे.

आधी तातडीचे सांगते. डायक्लोफेनॅक आजच थांबवा. गुडघ्याच्या झिजेसाठी घेतलेली ही गोळी एकदम बंद केल्याने शरीराला अपाय होत नाही. दुखणे वाढेल, पण त्यावर दुसरे उपाय आहेत आणि ते पुढे दिले आहेत. रक्तदाबाची गोळी आणि ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कारण ॲस्पिरिन कशासाठी सुरू झाली होती यावर पुढचे बरेच अवलंबून आहे, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर ती अचानक थांबवणे धोक्याचे ठरते. मग आईंना शौचाचा रंग विचारा. तो डांबरासारखा काळा, चिकट आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच उग्र वासाचा असेल, तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका, त्यांना थेट रुग्णालयात न्या. तसे नसेल तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक), सोडियम-पोटॅशियम आणि लघवी तपासून घ्या. ठरलेल्या मासिक तपासणीची वाट पाहू नका.

आता ‘पोटात अजिबात दुखत नाही’ या वाक्याकडे वळते, कारण गेली पंचवीस-तीस वर्षे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे आणि त्याने इतक्यांना उशीर केला आहे, की माझ्या उत्तराचा मोठा भाग त्यासाठीच खर्च करावासा वाटतो. साठी ओलांडलेले एक गृहस्थ धाप लागते म्हणून माझ्याकडे आले होते. अर्धा जिना चढला की थांबावे लागे. बरोबर हृदयाच्या तपासण्यांची जाडजूड फाइल होती आणि तिच्यात फारसे काही सापडलेले नव्हते. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, तर एरवी लालसर दिसणारी आतली बाजू कागदासारखी पांढरी होती. शौचाचा रंग विचारला तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, “काळी होते खरी, तीनेक आठवडे झाले, पण पोटात काही नाही, म्हणून कुणाला बोललो नाही.” कंबरदुखीसाठी ते दोन महिने नॅप्रोक्सेन घेत होते. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास उतरले होते आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठरात अंगठ्याच्या नखाएवढा व्रण दिसला, त्याच्या तळाशी नुकत्याच झालेल्या रक्तस्रावाची खूण होती. त्यांना पोटदुखी का झाली नाही याचे एक कारण त्यांच्या खिशातच होते. जी गोळी कंबरेची वेदना दाबत होती, तीच गोळी व्रणाची वेदनाही दाबत होती.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. या औषधांच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद केलेले आहे की जठर वा आतड्याची गंभीर इजा झालेल्या पाच रुग्णांपैकी जेमतेम एकाला आधी काही त्रास जाणवलेला असतो. उरलेल्या चौघांना पहिली सूचना मिळते ती रक्ताच्या उलटीने, काळ्या शौचाने, घेरी येऊन पडण्याने किंवा नुसत्या न उलगडणाऱ्या थकव्याने. म्हणून ही औषधे घेणाऱ्याने दुखण्याची वाट न पाहता इतर खुणांवर डोळा ठेवायचा असतो, आणि त्या खुणा कोणत्या हे समजण्यासाठी गोळी शरीरात काय करते ते थोडे पाहिले पाहिजे.

आपल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. इजा झालेल्या जागी हीच द्रव्ये सूज, लाली आणि ठणका निर्माण करतात. पण जठरात तीच द्रव्ये आम्लापासून अस्तराचे रक्षण करणारा बुळबुळीत थर राखतात आणि तिथला रक्तपुरवठा टिकवतात, तर मूत्रपिंडात रक्त आत नेणारी बारीक वाहिनी गरजेच्या वेळी मोकळी ठेवतात. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात, आणि या क्षेत्रातील कामासाठी त्यांना सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, पायरॉक्सिकॅम, मेफेनॅमिक ॲसिड, किटोरोलॅक, सेलेकॉक्सिब, इटोरिकॉक्सिब ही सगळी याच घराण्यातली. पॅरासिटामॉल या घराण्यात मोडत नाही. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी रक्तात मिसळते, सगळीकडे पोचते आणि जिथे जाईल तिथे प्रोस्टाग्लँडिन कमी करते. गुडघ्यात त्याचा फायदा होतो. जठरात आणि मूत्रपिंडात तेच नुकसान ठरते.

यावरून आपल्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर मिळते. आई गोळी जेवणानंतर घेतात हे ठीक आहे, त्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, पण व्रण आणि रक्तस्राव यांचा धोका त्याने टळत नाही, कारण इजा करणारे औषध मुख्यतः रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत येते. याच कारणाने इंजेक्शन किंवा गुदद्वारात ठेवण्याची बत्ती घेतली म्हणजे पोट वाचले, असेही होत नाही. आतड्यात जाऊन विरघळणारे वेष्टण असलेल्या गोळ्यांबद्दलही हेच म्हणता येईल. ॲसिडिटीच्या गोळीचा खरा उपयोग होतो, पण ती ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलसारखी असावी लागते आणि दुखण्याची गोळी चालू असेपर्यंत रोज, सकाळच्या खाण्यापूर्वी अर्धा तास, न चुकता घ्यावी लागते. जळजळ झाली तर एखादी, अशी मधूनमधून घेतलेली गोळी फक्त जळजळ शमवते आणि उरलेली एकमेव सूचनाही पुसून टाकते. शिवाय तिचे संरक्षण जठर आणि त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापुरतेच असते. त्यापुढच्या लहान आतड्यात हळूहळू झिरपणारे रक्त तिला थोपवता येत नाही, आणि अशा वेळी शौचाचा रंग न बदलताही हिमोग्लोबिन महिनोन्महिने घसरत राहते. आपल्या आईंच्या थकव्यामागे हेही असू शकते, म्हणून शौच काळे नाही एवढ्यावर समाधान मानू नका.

धोका सर्वांना सारखा नसतो, हेही सांगितले पाहिजे. एरवी निरोगी असलेल्या तिशीतल्या माणसाने मुरगळलेल्या घोट्यासाठी तीन-चार दिवस आयब्युप्रोफेन घेतले तर बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही, आणि अशा माणसाला मी उगाच घाबरवत नाही. वय ६५ च्या पुढे, पूर्वी कधीतरी व्रण किंवा रक्तस्राव झालेला, मात्रा मोठी, एकाच वेळी याच जातीची दोन औषधे, सोबत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे कोणतेही औषध, स्टिरॉइडच्या गोळ्या, नैराश्यासाठीची काही औषधे, नियमित मद्यपान, जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्ग, यांतली एकेक गोष्ट जमत जाते तसा धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने चढतो. पूर्वी रक्तस्राव होऊन गेला असेल त्याला तर तो न झालेल्याच्या दहापटींहून अधिक असतो. आईंच्या बाबतीत वय आणि ॲस्पिरिन हे दोन घटक पहिल्या दिवसापासून होते. माझ्या मते तेवढ्यावरूनच त्यांना ही गोळी चार महिने, आणि तीही नियमित संरक्षणाशिवाय, मिळायला नको होती.

आता पावलांवरची सूज आणि वाढलेला रक्तदाब. ही दोन लक्षणे मला पोटापेक्षा मूत्रपिंडाकडे बोट दाखवणारी वाटतात. मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आत आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. शरीरात पाणी कमी झाले, हृदय थकले किंवा वयामुळे मूत्रपिंडाची ताकद घटली, की प्रोस्टाग्लँडिन आत आणणारी वाहिनी रुंदावून गाळणीचा दाब सांभाळतात. डायक्लोफेनॅक ही वाहिनी आवळू देते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालॅप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, जे एरवी मूत्रपिंडाच्या हिताचे असते. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे शरीरातले मीठ-पाणी कमी करतात. आत येणारे रक्त कमी, बाहेर जाणारी वाट मोकळी आणि मुळात पाण्याचा साठा तुटपुंजा, अशा तिहेरी कात्रीत गाळणीतला दाब कोसळतो आणि क्रिएटिनिन चढू लागते. ही तीन औषधे एकत्र आल्यावर पहिला महिना सर्वांत धोक्याचा असतो, पण नंतरही एखादा उलट्या-जुलाबांचा आजार, कडक ऊन किंवा उपास एवढे निमित्त पुरते. आईंच्या दोन गोळ्यांत ही तीनही औषधे आहेत. रक्तदाबाच्या एकत्रित गोळीमुळे ती दोन वाटतात, इतकेच.

याच यंत्रणेतून मीठ आणि पाणी शरीरात साठते. पावले सुजतात, वजन वाढते, रक्तदाबाच्या औषधांचा जोर कमी पडतो. अशा वेळी बरेचदा रक्तदाबाची आणखी एक गोळी वाढवली जाते आणि पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी दिली जाते. म्हणजे मूळ कारण तसेच राहते आणि कात्री अधिकच आवळते. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाब वाढला हे सांगण्याआधी चार महिने डायक्लोफेनॅक चालू होते हे सांगा. सूज कशी आहे ते घरीही पाहता येते. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या वर चार बोटे, अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा पडून तो हळूहळू भरत असेल तर ते साठलेले पाणी आहे. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न खाता-पिता, वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढ झाली तर ती चरबीची नसते.

पोटॅशियमची तपासणी मी मुद्दाम सांगितली. मूत्रपिंड मंदावले आणि टेल्मिसार्टनसारखे औषध सोबत असले की रक्तातले पोटॅशियम वाढते आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. याला अंगात गळाल्यासारखे वाटण्याखेरीज बहुधा काही लक्षण नसते. तपासल्याशिवाय ते कळत नाही.

हृदयाबद्दल लोक सहसा विचारत नाहीत, कारण दुखण्याच्या गोळीचा हृदयाशी संबंध त्यांना लागत नाही. जठराला कमी त्रास व्हावा म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस खास नव्या गोळ्या निघाल्या. त्यांपैकी रोफेकॉक्सिब ही गोळी हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात असे दिसल्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आली. त्यानंतर जुन्या गोळ्यांकडेही नव्याने पाहिले गेले आणि डायक्लोफेनॅकचा धोका त्या नव्या गोळ्यांच्या जवळपास निघाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणानुसार मोठ्या मात्रेत वर्षभर अशी गोळी घेणाऱ्या दर हजार माणसांत, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे तीन जणांना जास्तीचा हृदयविकार वा पक्षाघातासारखा गंभीर प्रसंग ओढवतो आणि त्यांतला एक जिवावर बेततो. आकडा लहान वाटेल, पण आधीच हृदयरोग असलेल्यांत तो लहान राहत नाही, आणि धोका पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतो. म्हणूनच युरोपातील औषध नियामकांनी २०१३ मध्ये हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदयाची दुर्बलता असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे ठरवले. आईंची ॲस्पिरिन होऊन गेलेल्या हृदयविकारासाठी असेल, तर ही गोळी त्यांच्यासाठी यापुढे कायमची वर्ज्य समजा. आणखी एक बाब अनेकांना माहीत नसते. आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतले तर ते रक्त गोठवणाऱ्या कणिकांवरची (प्लेटलेट्सवरची) ॲस्पिरिनची जागाच अडवते आणि हृदयासाठी घेतलेल्या ॲस्पिरिनचा उपयोग उणावतो.

इतर दुष्परिणाम मी थोडक्यात सांगते, कारण ते विरळ आहेत, पण झाले तर वेगाने वाढतात. दमा असलेल्या काही प्रौढांना, विशेषतः ज्यांच्या नाकात मांसांकुर वाढलेले असतात आणि वास येणे कमी झालेले असते त्यांना, गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. अशांनी या घराण्यातली कोणतीच गोळी परस्पर घेऊ नये. औषध सुरू केल्यावर साधारण पहिल्या महिन्यात ताप, अंगावर लाल-जांभळे डाग, तोंडात आणि डोळ्यांत फोड, सोलवटणारी त्वचा असे दिसले तर ती त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. डायक्लोफेनॅकने यकृतालाही इजा होते. कावीळ, गडद लघवी, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज ही तिची लक्षणे. गरोदरपणात विसाव्या आठवड्यापासून पुढे ही औषधे डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नयेत, कारण बाळाची मूत्रपिंडे मंदावून गर्भजल कमी होते, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची वाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. डेंग्यूचा संशय असताना तापासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड किंवा ॲस्पिरिन घेणे टाळावे, तिथे पॅरासिटामॉलच. लिथियम किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या रक्तात त्या औषधांचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते, हेही लक्षात असू द्या.

एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला करायला लावते आणि तुम्हालाही सांगते. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका टेबलावर काढा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचा. एका आजींनी माझ्यासमोर कापडी पिशवी रिकामी केली तेव्हा तीत तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या. एक गुडघ्यासाठी, एक मानेसाठी, एक सर्दी-तापासाठी, प्रत्येक वेगळ्या डॉक्टरांनी वेगळ्या वेळी दिलेली. मागे वाचले तर पहिलीत डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसरीत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, तिसरीत आयब्युप्रोफेन आणि पुन्हा पॅरासिटामॉल. आजींना वाटत होते की आपण तीन आजारांची तीन औषधे घेतो आहोत, आणि प्रत्यक्षात एकाच घराण्यातली तीन औषधे जठरावर आणि मूत्रपिंडावर एकाच वेळी पडत होती, पॅरासिटामॉलही नकळत तिप्पट होत होते. गोळीचे ठसठशीत छापलेले नाव काहीही असो, निर्णय मागच्या अक्षरांवरून करायचा असतो. तुमच्या आईंच्या पट्ट्या आज संध्याकाळी पाहाच.

कधी धावावे, या प्रश्नाचे उत्तर आता नेमके देता येईल. रक्ताची उलटी, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी, डांबरासारखे शौच, एकाएकी उठलेली असह्य पोटदुखी आणि लाकडासारखे कडक झालेले पोट, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे, छातीत दाटल्यासारखे होऊन घाम सुटणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, ओठ-चेहरा सुजणे, श्वास घेताना घरघर, आडवे पडताच गुदमरणे, त्वचेवर फोडांसह ताप, बारा तासांत लघवी जवळजवळ न होणे, यांतले एकही दिसले तर रुग्णवाहिका बोलवायची किंवा तातडीच्या विभागात जायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. जाताना पुढची गोळी देऊ नका, काही खायला-प्यायला देऊ नका, कारण दुर्बिणीची तपासणी करावी लागू शकते, आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत घ्या. ‘दुखतेय म्हणून’ आणखी एक वेदनाशामक इंजेक्शन वाटेत टोचून घेऊ नका. हे मी पाहिलेले आहे, आणि त्याने रक्तस्राव वाढला होता.

काळ्या शौचाबद्दल एक खुलासा हवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ते सहसा घट्ट, हिरवट काळे असते आणि त्याला तो विशिष्ट दर्प नसतो. रक्तामुळे आलेला काळेपणा चकचकीत, चिकट असतो आणि पाणी ओतल्यावरही सहज धुऊन जात नाही. फरक कळत नसेल तर रक्त आहे असे समजूनच चाला. तपासणीत काही न निघाल्याचे कोणालाही वाईट वाटत नाही.

त्याच दिवशी दाखवण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. लघवी निम्म्यावर येणे, डोळे पिवळे दिसणे, पायांची सूज भरभर वर चढणे, घरच्या मोजमापात रक्तदाब वारंवार १८० च्या पुढे जाणे, अंगावर नवे पुरळ उठणे, या औषधांवर असताना उलट्या-जुलाब सुरू होणे. या शेवटच्या प्रसंगी दाहशामक गोळी ताबडतोब थांबवा आणि रक्तदाबाची गोळी व लघवीची गोळी तेवढे दिवस घ्यायची की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारा. आईंची आजची लक्षणे, म्हणजे सूज, वाढता रक्तदाब आणि थकवा, या दुसऱ्या वर्गाच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणूनच मी एक-दोन दिवसांची मुदत घातली. त्यात चढताना धाप लागण्याची किंवा धडधडण्याची भर पडली असेल तर ती मुदत संपली असे समजा आणि आजच जा.

मग गुडघ्यांचे काय? त्यांचे दुखणे खरे आहे आणि ते सोसत बसा असे मी कधीही म्हणणार नाही, कारण दुखण्याने माणूस चालायचा थांबतो आणि त्यानेही प्रकृती ढासळते. डायक्लोफेनॅकचेच मलम गुडघ्याला दिवसातून तीन-चार वेळा लावता येते. त्यातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने साधारण सहा टक्केच असते आणि गुडघ्यासारख्या त्वचेजवळच्या सांध्यात ते चांगले काम करते. मात्र मूत्रपिंडाचा अहवाल हाती येईपर्यंत तेही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पॅरासिटामॉल झिजेच्या दुखण्यावर तितके प्रभावी नाही, पण जास्त दुखणाऱ्या दिवसांपुरते ५०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, असे वापरायला त्यांच्या वयात हरकत नसते. यकृताचा आजार किंवा मद्यपान असेल तर आधी विचारा. खरा टिकाऊ फायदा मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देणाऱ्या व्यायामाने होतो. खुर्चीत बसून पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. एका पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा, इथपासून सुरुवात करता येते. सहा-आठ आठवडे जाईपर्यंत फरक दिसत नाही, आणि नेमके तेवढ्यातच बहुतेक जण सोडून देतात, म्हणून पहिले दोन महिने तुम्ही शेजारी बसून करून घ्या. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

पुढे कधी दाहशामक गोळी घ्यावीच लागली, तर ती कोणती, किती दिवस आणि कोणत्या संरक्षणासह, हे तुमच्या डॉक्टरांनी ताजे क्रिएटिनिन आणि हृदयाचा इतिहास पाहून ठरवावे. जठराला कमी त्रास देणारी गोळी हृदयाला सोयीची असतेच असे नाही, आणि हृदयाला तुलनेने सोयीची मानली जाणारी नॅप्रोक्सेन जठराला जास्त झोंबते. कमीत कमी मात्रा आणि कमीत कमी दिवस हा नियम सर्वांनाच लागू आहे. स्वतःहून घेतलेली गोळी दुखण्यासाठी दहा दिवसांच्या आणि तापासाठी तीन दिवसांच्या पुढे नेऊ नये.

या आठवड्यातल्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा : ॲस्पिरिन कशासाठी चालू आहे आणि ती अजून हवी का, हिमोग्लोबिन कमी निघाले तर दुर्बिणीची तपासणी कधी करायची, आणि हेलिकोबॅक्टरची चाचणी करावी का. क्रिएटिनिन वाढलेले निघाले तरी धीर सोडू नका. वेळेवर गोळी थांबवली तर ते बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत खाली येते. पण ते आले का हे पाहण्यासाठी एक-दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे लागते, आणि पायांची सूज उतरली, रक्तदाब सुधारला म्हणून ही दुसरी तपासणी टाळली जाते. तिची तारीख पहिल्याच भेटीत लिहून घ्या.